आक्कांच्या सोप्यावरचा कॅमेरा

आक्का माणसांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी कुरुंदवाडचा, म्हणून मी कुरुंदवाड. माझ्या शेजारच्या खोलीत एक लेक्चरर भाड्यानं राहायचा, त्याचं घर वारणानगरला, म्हणून तो वारणा. सकाळी दूध घालायला येणारा माणूस मुडशिंगी. "कुरुंदवाड, खाली ये," अशी हाक आली की मी जिना उतरायचो, आणि "वारणा, पाणी आलंय," म्हटलं की तो बादल्या घेऊन पळायचा. जवाहरनगरातल्या त्या घरात मी अडीच वर्षं राहिलो. त्यातली दोन वर्षं त्यांच्या तोंडी माझं नाव एकदाही आलं नाही.

याला कारण त्यांची नोकरी. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर कॉल बुक करून ताटकळत बसायचं, त्या काळापासून. बोर्डावरचं एकेक भोक म्हणजे एकेक गाव. "सांगली, बोला. मिरज, बोला." एवढी वर्षं असं बोलल्यावर समोरचा माणूस म्हणजे कुठल्या तरी गावाहून आलेली लाइन, अशी त्यांची समजूतच होऊन गेली होती.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे तीन मिनिटं. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची, वाढवायचा का? आक्का निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कुणाशीही तीन मिनिटांच्या वर बोलत नसत. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलता बोलता हात उलटा करायच्या आणि म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं काय?" समोरचा गोंधळला की त्या उठून आत. पावणे आले तरी हेच. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका जोडप्याचा चहा गार व्हायच्या आत त्यांचं बोलणं संपलं होतं, आणि ते दोघं रिकाम्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, एकमेकांकडं बघत बसले होते.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही एक मजा होती. महाद्वार रोडवरनं चालताना त्या दुकानांकडं बोट करून पुटपुटायच्या, "हे दोनशे चौदा. ते पलीकडचं एकशे सात, बापाच्या नावावर हुतं." ते सगळे जुने, तीन आकडी नंबर. दुकानं बदलली, माणसं गेली, एक्स्चेंज बदललं, पण आक्कांच्या डोक्यात तो बोर्ड जसाच्या तसा शाबूत होता.

आणि तिसरी गोष्ट. ती मात्र वेड म्हणावं अशी नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या कानावरून अख्खं कोल्हापूर गेलं असेल. भांडणं, सोयरिकी, मरणं, लफडी. त्यातलं एक अक्षर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदा एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला होता. जुन्या आठवणी लिहून काढायच्या होत्या त्याला. आक्कांनी त्याला पोहे दिले, चहा दिला. तो म्हणाला, "आक्का, आता ती माणसं तर गेली. एक तरी किस्सा सांगा की."

"माणसं गेली. मी हाय न्हवं अजून," आक्का म्हणाल्या आणि हात उलटा करून घड्याळ बघितलं.

मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो. डिप्लोमा करून नुकताच लागलेला. कॉम्प्युटर जोडायचे, नेटवर्कच्या वायरी ओढायच्या, आणि नवीन सुरू झालेलं काम म्हणजे कॅमेरे बसवायचे. मोबाइलवर अजून चित्र येत नव्हतं. घरातला कॅमेरा इंटरनेटला जोडून दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरवर बघता येतो, हे ऐकून लोक तोंडात बोट घालायचे.

आक्कांच्या घरी त्यांचे थोरले भाऊ राहायचे. त्यांना त्या दादा म्हणायच्या, म्हणून आम्ही सगळेच दादा म्हणायचो. दादा एसटीत ड्रायव्हर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा मस्कतला. हळूहळू दादांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग रस्ता, मग मुलाचं नाव. शेवटी डोक्यात एकच गोष्ट शिल्लक राहिली, कोल्हापूर ते रत्नागिरी. सकाळी आंघोळ झाली की दादा सोप्यावरच्या बाकावर बसायचे, स्टीलची थाळी दोन्ही हातात धरायचे आणि गाडी चालवायचे. आंबा घाट आला की अंग एका बाजूला कलायचं. मलकापूरला गाडी थांबायची. थांबली की थांबली. मग आक्का स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या, तोंडानं "टिंग टिंग" करायच्या, आणि दादा गियर टाकून पुढं निघायचे. दिवसातून दहादा तरी आक्का अशा कंडक्टर व्हायच्या. त्याला तीन मिनिटांचा नियम नव्हता.

आक्का निवृत्तीनंतर शाहूपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात फोनवर बसायच्या, सकाळी दहा ते दुपारी दोन. घरी बसून हात रिकामे राहतात म्हणायच्या. त्या चार तासांत दादांकडं बघायला शेजारच्या रेहानाभाभी होत्या. त्यांचे मिस्टर स्कूटर दुरुस्त करायचे आणि भाभी घरी शिलाई करायच्या. पण मशीनवर बसलं की बाहेरचं काही दिसत नाही. एकदा दादा फाटक उघडून कोपऱ्यापर्यंत गेले. त्या दिवशी संध्याकाळी आक्कांनी मला खाली बोलावलं.

"कुरुंदवाड, तुझ्या दुकानात ते कॅमेरे असत्यात न्हवं? दवाखान्यात माझ्यासमोर कॉम्प्युटर हाय. त्यात मला दादा दिसल काय?"

"दिसतील की. चिनी कॅमेरा आहे एक, स्वस्तातला. मान पण वळवतो."

"मग बसव. दादा उठला की मी भाभीला फोन करतो, ती दार लावंल."

आमच्याकडं बायका असंच बोलतात, करतो, जातो. आक्का कामाच्या फोनवर मात्र पुस्तकातलं बोलायच्या.

पुढच्या रविवारी मी सोप्याच्या कोपऱ्यात, छताजवळ कॅमेरा बसवला. मॉडेममध्ये त्याला बाहेरची वाट करून दिली, कुठूनही उघडता येईल असा एक पत्ता घेतला. आक्का खाली स्टूल धरून उभ्या होत्या. दादा बाकावर रत्नागिरीला निघाले होते. तेव्हा आक्कांनी मला एक गोष्ट सांगितली. मधे दोनदा घड्याळ बघितलं आणि दोन्ही वेळा स्वतःच म्हणाल्या, "वाढव."

"मी नवा नवा लागलतो. मुंबईच्या दवाखान्यातनं आमच्याच गल्लीतल्या एकाला कॉल आला, पोरगं गेलं म्हणून. लाइन खराब हुती. इकडचं तिकडं मलाच सांगाय लागलं, शब्द न शब्द. ड्युटी संपवून घरी आलो तर त्या पोराची आई नळावर. मला म्हणाली, आज लवकर सुटलीस गं. मी तिच्या शेजारी घागर लावली. घागर भरंपर्यंत ती पोराच्या लग्नाचं बोलत हुती. मी ऐकलं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तिच्या नवऱ्यानं सांगायचं हुतं ते. माझं न्हवतं." मग वर बघून म्हणाल्या, "आता मला सांग. ह्यो माझा भाऊ हाय. कधी कपडे भिजवतो, कधी रडतो. हे चित्र माझ्याशिवाय कुणाला दिसल?"

"मस्कतला तुमच्या भाच्याला दिसेल, तुम्ही पत्ता दिलात तर. बाकी कुणाला नाही, आक्का."

"नक्की?"

"नक्की."

कॅमेऱ्याबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती. तिच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात लिहिलं होतं, सगळ्यात आधी पासवर्ड बदला. कारखान्यातून येताना त्या कॅमेऱ्याला पासवर्डच नसायचा. नावाच्या जागी अॅडमिन लिहायचं, खालची चौकट रिकामी ठेवायची, की चित्र उघडं. त्या कंपनीचा जगातला प्रत्येक कॅमेरा तसाच उघडायचा. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, माझा धंदाच तो होता. पण आक्कांना रोज पासवर्ड टाइप करायला लावायचा, त्या विसरल्या की मला फोन येणार, म्हणून म्हटलं राहू दे, नंतर बदलू. पुस्तिका मी खोक्यात टाकली आणि खोकं कपाटावर ठेवलं.

पहिला महिना फार छान गेला. दवाखान्यात फोन घेता घेता आक्का दादांना बघायच्या. दादा फाटकाकडं निघाले की भाभींचा फोन वाजायचा, "भाभी, गाडी डेपोच्या बाहेर निघाली." भाभी शिलाई सोडून पळायच्या. बुद्धपौर्णिमेला आक्कांनी खीर केली, पहिली वाटी वर माझ्या खोलीत आली. "कुरुंदवाड, तुझ्यामुळं माझ्या जिवाला शांती हाय," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मला नंतर पुष्कळ वेळा ऐकू आलं आहे.

दुकानात कॅमेरे खपत नव्हते. एक दिवस इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक मालकांना म्हणालं, "पावणं, घरचं दुकानात दिसतं म्हणता, पण दाखवा की." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी पत्ता टाकला, नावाच्या जागी अॅडमिन लिहिलं आणि आक्कांचा सोपा पडद्यावर आला. दादा थाळी फिरवत होते. गिऱ्हाईक हरखून गेलं. दोन कॅमेरे जागेवर घेतले त्यानं.

"हे बेस हाय," मालक म्हणाले. "आता प्रत्येकाला हेच दाखवायचं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चालतंय की."

तिथून ते दाखवण्यापुरतं राहिलं नाही. अकराच्या चहाला दुकानात माझ्याबरोबर काम करणारा संदीप स्वतःच ते पान उघडायला लागला. "ड्रायव्हर कुठवर आला बघू," म्हणायचा. दादा कलले की सगळे कलायचे. मलकापूर आलं की संदीप "टिंग टिंग" करायचा. ते त्याला मीच सांगितलं होतं, आक्कांची नक्कल करून. मी नक्कल चांगली करायचो. तीन मिनिटं, उलटा हात, गावाच्या नावानं हाक, सगळं. दुकान खदखदून हसायचं. आणि दादा बाकावरून उठून कोपऱ्यात गेले तर माउसनं कॅमेऱ्याची मान त्यांच्या मागं वळवायचो. कधी संदीप वळवायचा, कधी मी.

एका संध्याकाळी आक्का म्हणाल्या, "कुरुंदवाड, त्या कॅमेऱ्याचं काय तरी बिघडलंय. मी हात लावत न्हाय, तरी ते आपलं आपण दादाच्या मागनं फिरतंय."

"मोटर सैल झाली असेल, आक्का. बघतो एकदा."

त्या "बरं" म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा केवढा विश्वास होता ते त्या एका "बरं"मध्ये होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि संदीपला म्हणालो, "जरा हळू फिरवत जा, म्हातारीच्या लक्षात येतंय." हळू फिरव म्हणालो. बंद कर म्हणालो नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते घडलं. दुपारचे बारा वाजले असतील. दुकानात एक जोडपं कॅमेरा बघायला आलं होतं. पडद्यावर दादा बाकावरून उठले. त्यांची लुंगी भिजली होती. त्यांनी ती सोडली आणि तसेच उघडे उभे राहून, अगदी मन लावून तिची घडी घालायला लागले. टोकाला टोक जुळत नव्हतं. पुन्हा उलगडायचे, पुन्हा जुळवायचे.

त्या बाईंनी मान फिरवली. संदीप म्हणाला, "ब्रेक फेल झालं की ड्रायव्हरचं!" मालक हसले. मी पण हसलो. मोठ्यानं हसलो. दादा घडी घालत घालत भिंतीकडं सरकले, पडद्याच्या बाहेर जायला लागले, तशी मी माउस धरून कॅमेरा त्यांच्या मागं वळवला.

मागून दार उघडल्याचा वारा आला म्हणून मी वळून बघितलं. काचेचं दार धरून आक्का उभ्या होत्या. नंतर भाभींकडून कळलं, कॅमेरा सकाळपासून सारखा फिरत होता म्हणून त्या दवाखान्यातून सुट्टी घेऊन मला विचारायला आल्या होत्या. मोटर दुरुस्त होते का ते.

त्या ओरडल्या नाहीत. पडद्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. माउस अजून माझ्या हातातच होता. मग टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि नंबर लावला.

"भाभी, दादाला लुंगी नेसव. कपाटात डाव्या हाताला हाय. मी येतो."

फोन खाली ठेवला. संदीपनं खुर्ची पुढं केली होती, ती बाजूला सारली.

"तुमचं चालू द्या," त्या मला म्हणाल्या, आणि गेल्या.

तुमचं. त्याआधी त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

मालक जोडप्याला दुसरा कॅमेरा दाखवायला लागले. पडद्यावरचं ते पान कुणी बंद केलं नाही. मीही नाही. भाभी धावत आल्या, तोंड दुसरीकडं करून त्यांनी दादांना लुंगी गुंडाळली, बाकावर बसवलं. वीसेक मिनिटांनी फाटकातून आक्का आल्या. दादांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वर बघितलं. कॅमेऱ्याकडं, म्हणजे आमच्याकडं. त्यांचा हात वायरकडं गेला आणि चित्र गेलं.

संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा आक्का सोप्यावर तांदूळ निवडत होत्या.

"आक्का," मी म्हटलं.

"बोला, साहेब." आणि साहेबच्या आधी त्यांनी माझं आडनाव घेतलं.

"माझं चुकलं."

त्या खडे वेचत राहिल्या.

"मी आत्ता पासवर्ड टाकून देतो. मग कुणालाच उघडता येणार नाही."

"हे हुतं काय करता येण्यासारखं?"

"होतं."

"आधीच?"

"हो."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "आणि आता तुम्ही कुलूप घालणार. तुम्हाला म्हाईत असलेलं कुलूप मी माझ्या दाराला लावू काय?"

खोली सोडू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खोली तुमचीच हाय. भाड्याचं आणि ह्याचं काय?" मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात जड जातं. कुलूप मला माहीत असायची काही गरज नव्हती. आक्कांना कॉम्प्युटरसमोर बसवून, कुठं काय दाबायचं ते सांगून, मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो असतो तरी भागलं असतं. पाच मिनिटांचं काम. मला नको तर वारणाकडून करून घ्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटत होती. सकाळी जिना उतरताना मी चपला हातात घ्यायचो. त्या दवाखान्यात गेल्या की बाहेर पडायचो. त्यांनी मला काही बोल लावला असता तर बरं झालं असतं. दुधाचा मुडशिंगी मुडशिंगीच राहिला होता, वारणा वारणाच. मी एकटा साहेब झालो होतो. दीड महिना असा गेला, आणि कॅमेरा खोक्यात पडून राहिला.

मग एक दिवस भाभी मुलीच्या शाळेत गेल्या होत्या. तासाभराचंच काम होतं. परत येऊन बघतात तर फाटक उघडं आणि बाकावर नुसती थाळी.

आक्कांचा फोन दुकानात आला. "मी बोलतो," एवढंच म्हणाल्या, कुरुंदवाड नाही की साहेब नाही. मग म्हणाल्या, "दादा न्हाय घरात." मी मालकांची गाडी घेऊन निघालो. भाभींचे मिस्टर एका दिशेनं, वारणा दुसऱ्या दिशेनं. आम्ही स्टँड बघितला, डेपो बघितला, रंकाळ्याची कड बघितली. रत्नागिरीच्या रस्त्याला मी पार केर्लीच्या पुढं जाऊन आलो. दादा मात्र उलट्या दिशेला गेले होते. उन्हं कलता कलता मुडशिंगीच्या वाटेवर, रस्त्याकडेच्या चरीत सापडले. आमच्या दूधवाल्यानंच ओळखलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. उचलायला गेलेल्या माणसांना ते सांगत होते, "पॅसेंजर आधी उतरवा. गाडी पुढं जात न्हाय."

आक्का ज्या दवाखान्यात फोनवर बसायच्या तिथंच त्यांना ठेवलं. वरच्या मजल्यावर दादा, खाली आक्का फोन घेतायत, "नमस्कार, बोला." ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला. तीन आठवड्यांनी दादा गेले.

मुलगा मस्कतहून आला. चांगला माणूस. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. बापाला भेटायला मिळालं नाही म्हणून पार कोसळला होता. दादांना आदरांजली द्यायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. मी आणि वारणा सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, भाभी त्यांच्या शेजारी. तेव्हा त्यानं मला विचारलं.

"तुम्हीच बसवलाता न्हवं कॅमेरा? मी तिकडनं बघायचो आबांना. मग एकदम बंदच झाला. आत्या म्हणाली, बिघडलाय. काय झालतं त्याला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आक्का सोडून.

"अॅडॅप्टर जळाला होता," मी म्हटलं. आणि कुणी विचारलं नसताना पुढं म्हणालो, "पार्ट पुण्याहून मागवला होता. यायला उशीर झाला."

"कुठाय तो?"

कपाटावरचं खोकं त्यानं स्वतःच काढलं. त्याला काही शंका आली होती असं नाही. बापाला ज्यातून बघायचा ती वस्तू त्याला हातात घ्यायची होती, बस. त्यानं कॅमेरा मांडीवर घेतला, फडक्यानं पुसला, वायर जोडली आणि सहज बटण दाबलं.

लाल दिवा लागला. मग हिरवा लुकलुकायला लागला. आणि तो कॅमेरा चालू होताना नेहमी करायचा तसं त्यानं डावीकडून उजवीकडं सावकाश मान फिरवली, आणि आमच्याकडं तोंड करून थांबला.

त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बिघडला न्हवता त्यो," आक्का म्हणाल्या. "ह्यांना मीच तसं सांगाय लावलतं. मीच काढून ठेवलता."

"का?"

"मला नको वाटला."

"नको वाटला?" त्याचा आवाज चढला. "आत्या, आबा चालतबोलत होते. ह्यो चालू असता तर फाटकातनं बाहेर पडायच्या आत तुला दिसलं असतं. नको वाटला म्हणजे काय?"

त्यानं कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला.

"माझा बाप तुझ्या भरवशावर ठेवलाता मी. तुझ्यामुळं गेला तो."

"व्हय," आक्का म्हणाल्या.

"आगं, असं काय बोलतीस?" भाभी कळवळून म्हणाल्या, पण त्यांनाही पुरतं माहीत नव्हतं. दुकानात काय घडलं ते आक्कांनी त्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. ते माहीत असलेली त्या सोप्यावर दोनच माणसं होती.

आक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं नाही ते. त्यांनी बघितलं नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. मी हातातली सतरंजी नीट घडी घालून कोपऱ्यात ठेवली आणि जिना चढून खोलीत गेलो.

चार दिवसांनी मुलगा मस्कतला परत गेला. महिन्याभरात मी खोली सोडली. आक्का फाटकापर्यंत आल्या, "जपून जावा, साहेब," म्हणाल्या. त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या. मी इचलकरंजीत स्वतःचं दुकान टाकलं होतं. कोल्हापूरला कामानिमित्त जायचो, जवाहरनगर टाळून जायचो. आक्का गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा मात्र गेलो. घराला कुलूप होतं. भाभींनी चहा केला आणि सांगितलं, त्या दिवसानंतर भाच्यानं आक्कांना एकही फोन केला नाही. मातीलाही आला नाही. भाभींनी कळवलं तेव्हा "बरं" म्हणाला म्हणे.

"आक्का काही बोलायच्या का?" मी विचारलं.

"कशाचं?"

"काही नाही. सहजच."

निघताना मी भाभींकडून त्याचा नंबर मागून घेतला. का हवाय ते त्यांनी विचारलं नाही. एका कागदावर मी तो लिहून घेतला, नंतर मोबाइलमध्ये घातला. पुढं मोबाइल बदलले तसा तो नंबरही प्रत्येक मोबाइलमध्ये येत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी तो लावला. तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला. मागं गाड्यांचे आवाज येत होते, आणि कुठल्याशा लहान मुलीचं हसणं.

"हॅलो?" तो म्हणाला. "कोण बोलतंय?"

मी श्वास घेतला.

"हॅलो, बोला की. इंडियातनं काय? कोण?"

मी फोन बंद केला.